जीप सूर्यामाळ चढली त्याची हकीकत

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा लांब होती. ही वही माझ्या मुलीची, पारूची. ती जव्हारच्या आश्रमशाळेत शिकते. तिच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. आमच्या गटातल्या बाया विचारतात, "तीन दिवस कुठं होतीस, काय बघितलंस?" चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कागदावर निघतो. कोणी वाचलं तर वाचलं.

पाड्यावरून जव्हार

आमचा पाडा वावरच्या पुढे, रस्ता संपतो तिथून थोडा खाली. माझ्या घरच्यांचं नाव लहानू, पण मी त्यांना पारूचा बाबा म्हणते. त्यांची एक जुनी जीप आहे. ती मूळची पेट्रोलवर चालायची. तिचं इंजिन पार गेलं, तेव्हा नाशिककडच्या एका मेस्त्रीने अपघातात मोडलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन काढून तिच्यात बसवलं. पाड्यावरचे लोक म्हाताऱ्यांना दाखवायला आणायचे, की बघा, अंग एकाचं आणि काळीज दुसऱ्याचं.

इंजिनाला पंचेचाळीस हजार लागले. ते आम्हा अकरा बायांच्या बचत गटाच्या पेटीतून घेतले. त्याला कारण मोगरा. आमच्या भागात आता घरोघर मोगरा आहे. कळ्या अंधार फिटायच्या आत तोडायच्या आणि उन्हं वर यायच्या आत जव्हारला व्यापाऱ्याच्या गाडीत टाकायच्या. कळी उमलली की तिला कोणी विचारत नाही. सगळ्या बायांच्या कळ्या आमच्या जीपने न्यायच्या, भाड्यातून गटाचे पैसे फेडायचे, असं ठरलं होतं.

पण जीप दम खायला लागली. सपाटीवर बरी जायची, चढावर पाय दाबला की एक क्षण थांबल्यासारखी व्हायची, मग धक्का देऊन पुढे, परत थांबल्यासारखी. जशी एखादी म्हातारी जिना चढते. पारूच्या बाबाने ठरवलं, मोगरा सुरू व्हायला पंधरा दिवस आहेत, मोखाड्याला एक जुना मेस्त्री आहे त्याला दाखवू. त्याने सांगितलं की इंजिनच खराब, तर ते भंगारात घालायचं. मग बायांचे पैसे कुठून द्यायचे?

मला सोबत नेलं ते चाकाखाली दगड लावायला. हातब्रेक धरत नाही. गाडी चढावर थांबली की मी उडी मारायची आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. दगड आम्ही घरूनच घेतला होता, चांगला चपटा. निघताना पारूच्या बाबाने टाकी काठोकाठ भरली, वाटेत अडचण नको म्हणून.

मला वाचायला आवडतं. घरात वाचायला काही नसतं, म्हणून मी रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड वाचते. तसे ते वाचत होते. दहावा दगड गेला आणि चढावर जीप अडखळली. एकदा, दोनदा, मग बंदच. मी उडी मारली, दगड लावला. पारूचा बाबा उतरला. जीपचा काटा चालत नाही, म्हणून तो टाकीचं झाकण काढून आत बांबूची काडी घालतो आणि डिझेल किती ते बघतो. झाकण घट्ट झालं होतं. दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा निघालं, आणि टाकी 'डब्' अशी वाजली.

"डिझेल तर भरपूर हाय," तो म्हणाला.

शेजारी एक घर होतं. अंगणात एक बाई कणगी लिंपत होती. कणगी म्हणजे करवीच्या काठ्यांची विणलेली उंच पाटी, तिच्यात भात ठेवायचं आणि झाकणाच्या कडेने शेणमाती लिंपून बंद करायचं, मुंगीसुद्धा आत जाता कामा नये. हे काम बाईचं. चांगली लिंपलेली कणगी उघडली की नवं भात निघतं, वाईट लिंपली तर दाणा पोखरणारे पोरकिडे. मी गप्प बसून बघत होते. ती म्हणाली, "बघतेस काय बाय, हात लाव." मी हात लावला. तिच्या शेणमातीत राख जास्त होती, आमच्यापेक्षा लवकर वाळते. हे मी घरी येऊन करून बघितलं, खरंच बेस होतं.

अर्ध्या तासाने जीप चालू केली तर अशी पळाली जशी कधी अडलीच नव्हती. जव्हारला एका गॅरेजवाल्याने डिझेलचा फिल्टर बदलला आणि "आता बघा" म्हणाला. आम्ही खूश झालो.

पारूला शाळेच्या फाटकाजवळ भेटलो. नाचणीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. तिने मैत्रिणींना हाक मारली, "ही माझी आय, जीपमधून आली!" मी पदर तोंडावर घेतला, पण आतून बरं वाटलं. मग राजवाडा बाहेरून बघितला. इतकी मोठी भिंत माणसांनी दगड उचलून बांधली, आणि ते दगड आमच्यासारख्यांच्या आजोबा-पणजोबांनी वाहिले असतील, असं मनात आलं. सूर्य दरीत उतरला तेव्हा डोंगरांच्या रांगा एकामागे एक उभ्या होत्या, पुढची काळी, मागची निळी, त्यामागची नुसता धूर. जव्हारला मी कितीदा बाजाराला आले, पण मान वर करून बघितलं नव्हतं. बाजाराला आलेली बाई पिशवीकडे बघते.

मोखाडा

दुसऱ्या दिवशी जव्हार सोडलं. मी दगड वाचत होते. दहा, अकरा, आणि बाराव्याला जीपने दम खाल्ला. फिल्टर नवा होता. परत उडी, परत दगड, परत झाकण, परत 'डब्'. आणि परत जीप शहाणी झाली.

मोखाड्याचा मेस्त्री म्हणजे पिकल्या दाढीचे, एकट्याने काम करणारे चाचा. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. दुकान म्हणजे चार खांब आणि पत्रा. त्यांनी आधी जीपला हात लावला नाही. एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, आणि बाकड्यावर बसून चहा मागवला.

"भाऊ, आधी हिची कहाणी सांग. मग हत्यार काढतो."

पारूच्या बाबाने सांगितली. चाचा म्हणाले, "हे बघ, गाडी जुनी, इंजिन दुसऱ्याचं. म्हणून जो बघेल तो इंजिनालाच बोल लावेल. नवी सून आली की घरातलं दूध नासलं तरी तिचंच नाव. मी आधी सासरची झडती घेतो."

मी मान खाली घातली, पण हसू आलं.

मग ते कामाला लागले. पायाखालच्या तारेला ढिलाई आहे का ते बघितलं, नव्हती. डिझेलच्या नळ्या हाताने चाचपल्या, कुठे ओल आहे का, कुठे हवा ओढते का. एक छोटा स्क्रू सैल करून पंप हाताने दाबला, तिथून डिझेल आलं, फेस नाही. "हवा नाय," ते म्हणाले. इंजिन चालू करून लाकडी मुठीचा लांब पेचकस एका ठिकाणी टेकवला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. आमच्याकडे सुईण पोटाला कान लावते तसं. चार ठिकाणी ऐकलं.

मी टक लावून बघत होते ते त्यांना दिसलं असावं. "ये बेटा, ऐक."

मी मागे सरले. पारूचा बाबा म्हणाला, "जा गं, खात नाय ते."

मी मूठ कानाला लावली. तुम्हाला कसं सांगू. बाहेर नुसता खडखडाट होता, आणि आत एक एक ठोका वेगळा, स्वच्छ, जसे चार जण ओळीने भात कांडतात आणि एकाचंही मुसळ दुसऱ्याला लागत नाही. इतक्या वेळा त्या जीपमध्ये बसले, आत हे चाललंय माहीत नव्हतं. मूठ मी सोडतच नव्हते.

"चारही बेस वाजतात," चाचा म्हणाले. "ह्याचं काळीज चांगलं आहे. मग दम का खातं?"

ते स्वतः जीप घेऊन चढावर गेले आणि आले. काही झालं नाही. परत गेले. काही झालं नाही. "माझ्यासमोर शाळेतल्या पोरासारखी वागते," ते वैतागून म्हणाले. दिवसभर असंच. शेवटी हात पुसत बसले.

"एकच राहिलं. डिझेलचा मोठा पंप. तो उतरवून नाशिकला पाठवावा लागेल. पंधरा-वीस दिवस. खर्च पण आहे."

पारूच्या बाबाचं तोंड उतरलं. पंधरा-वीस दिवसांत मोगरा सुरू होऊन जाणार. "मग इंजिनच विकून टाकू का चाचा?"

"सकाळी बघू. एक सांग, हे दुखणं इंजिन बसवलं त्या दिवसापासून आहे?"

"नाय. पहिले आठ दिवस बेस होती."

मी तेव्हा तुंब्यातलं पाणी पीत होते. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा, आम्ही शेतावर नेतो तो. त्याचं तोंड अरुंद असतं. नुसता उलटा केला तर पाणी येत नाही, घुटमळतं, अडखळतं, एक घोट आणि थांबा, एक घोट आणि थांबा. म्हणून त्याच्या खांद्याला एक बारीक भोक पाडलेलं असतं. त्यावरचं बोट काढलं की पाणी धार धरतं. माझं बोट त्या भोकावर होतं. पाणी अडखळत येत होतं.

आणि मला आठवलं.

इंजिन बसवल्यावर आठ दिवसांनी मी जीप विहिरीवर धुतली होती. टाकीचं जुनं झाकण हरवलं होतं, म्हणून नाशिकच्या मेस्त्रीने दुसरंच झाकण बसवून त्याच्या मधोमध खिळ्याएवढं भोक पाडलं होतं. मला वाटलं, घाईत खराब झालं. त्यात पाणी साचलं होतं. एवढं महाग डिझेल, त्यात पाणी जाईल, धूळ जाईल. मी घरातलं मधाच्या पोळ्याचं मेण आणलं, ऊन करून ते भोक भरलं, वरून बोटाने गुळगुळीत केलं. कणगी लिंपतात तसं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण घरातलं असलं काम कोण सांगतं?

त्या संध्याकाळी मी बोलले नाही. खरं लिहिते, भीती वाटली. अकरा बायांचे पैसे, चाचांची दिवसभराची मेहनत, आणि खोटी मीच ठरले तर? आणि खोटी नाही ठरले, तर त्याहून वाईट. दुखणं मीच लावलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी

चाचांनी पाने काढले आणि पंपाचा पहिला नट फिरवायला वाकले. मी तुंबा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मग मी तुंबा उलटा केला, बोट भोकावर ठेवलं. पाणी अडखळत पडलं. बोट काढलं. धार लागली.

चाचा बघत राहिले. "काय सांगतेस बेटा?"

"टाकीच्या झाकणाला भोक होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले. "भोक होतं. मी मेणाने बुजवलं."

पारूचा बाबा माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघत पुढचं सगळं एका दमात सांगितलं, की दहा-बारा दगड गेले की ती अडते, झाकण काढलं की डब् वाजतं आणि परत दहा-बारा दगड चालते. काल चाचांच्या फेऱ्या लहान होत्या, आणि प्रत्येक फेरीआधी पारूच्या बाबाने काडी घालून डिझेल बघितलं होतं.

चाचांनी पाना खाली ठेवला. "झाकण लाव घट्ट. चला तिघं."

आम्ही खोडाळ्याच्या रस्त्याला लागलो. चाचा चालवत होते, मी दगड मोजत होते. आठ. नऊ. दहा. मनात देवाला म्हणत होते, अड, आज अड. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी बंद पडायची वाट बघितली. अकराव्याला चढावर तिने दम खाल्ला. चाचांनी पाय दाबला, ती थांबली, धक्का, थांबली, बंद. मी दगड घेऊन उडी मारली.

चाचा उतरले, टाकीच्या पत्र्यावर हात फिरवला. "आत चेपलाय," ते हळू म्हणाले. झाकण पिळलं. 'सूंऽऽ' करून हवा आत गेली आणि पत्रा डब् करून वर आला.

"डिझेल निघतं तेवढी हवा आत जायला पाहिजे. नाय गेली तर टाकी डिझेल सोडत नाय, धरून ठेवते. आणि तू टाकी काठोकाठ भरलीस, आत हवाच थोडी, म्हणून लवकर अडते." त्यांनी झाकण उन्हात धरलं. मेण इतकं गुळगुळीत बसलं होतं की त्यावर धूळ चढून लोखंडाचाच रंग आला होता. "काल मी तीनदा हातात घेतलं हे. दिसलं नाय. काय लिंपलंय! कारखान्यात पण असं काम होत नाय."

मी मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि मेण कोरून काढलं. पारूचा बाबा म्हणाला, "कणगी समजलीस काय गं गाडीला? आत भात भरलं होतं?"

आणि तो हसायला लागला. चाचा हसले. मग मीही, पदरात तोंड घालून.

"बुजवलं तिने, पण शोधलं पण तिनेच," चाचा म्हणाले. "चाळीस वर्षं झाली मला ह्या कामात, तुंब्याने गाडी दुरुस्त करणारा मेस्त्री आज बघितला."

सूर्यामाळ

आता खात्री करायला मोठा चढ पाहिजे होता. चाचा म्हणाले, खोडाळ्याहून सूर्यामाळ चढा, तिथे खोटं चालत नाही. त्यांना दुकानात परत सोडलं. त्यांनी नळ्या तपासल्याचेच पैसे घेतले. मी आमच्याकडची उडदाची पिशवी दिली, ती मात्र दोन्ही हातांनी घेतली.

खोडाळ्याला एका बाईच्या हॉटेलात जेवलो. तिकडे वरईचा भात जास्त, आणि खुरासणीची काळी चटणी, तेल सुटेपर्यंत कुटलेली. आमच्याकडे वरई उपासाला किंवा आजाऱ्याला. मी तसं म्हटलं तर ती बाई म्हणाली, "म्हणजे तुम्ही आजारी पडल्याशिवाय चांगलं खात नाय होय?" मी दोनदा भात घेतला.

मग चढ. चपटा दगड मी मांडीवर घेऊन बसले होते. पारूचा बाबा पाय दाबत होता आणि जीप नुसती वर जात होती. एक वळण, दुसरं वळण. खालची घरं आगपेटीएवढी झाली. साग मागे राहिला. मी इंजिनाचे ठोके ओळखायला लागले होते, चौघे ओळीने कांडत होते, कोणी चुकत नव्हतं. बारावा दगड गेला, पंधरावा गेला. अठराव्याला पारूचा बाबा म्हणाला, "तो दगड खाली ठेव गं आता, पाय दुखेल." मी नाही ठेवला.

वर माळ आला आणि जीप थांबवली. तिथून जे दिसलं ते लिहायला माझं अक्षर पुरत नाही. चारी बाजूंनी डोंगर, पण आपल्या खाली. घार उडत होती, तिची पाठ दिसत होती. मी आजवर घारीचं पोटच बघितलं होतं. लांब खाली वैतरणेच्या धरणाचं पाणी पडलं होतं, ताटात ठेवल्यासारखं, आणि त्यात आभाळ. तेच पाणी नळातून मुंबईला जातं म्हणे. आमच्या बाया एका हंड्यासाठी उन्हाळ्यात दरी उतरतात, आणि इथे एवढं पाणी गप्प पडलेलं. राग पण आला, पण डोळे हटेनात.

वारा इतका होता की पदर धरावा लागत होता. पारूच्या बाबाने टाकीचं झाकण उघडलं. काही वाजलं नाही. ना सूं, ना डब्. तो झाकणाच्या भोकातून एक डोळा मिटून डोंगराकडे बघायला लागला. म्हणाला, "तू पण बघ." मी बघितलं. खिळ्याएवढ्या भोकात अख्खा डोंगर मावला होता. एवढ्या भोकाने एवढी गाडी श्वास घेते.

घरी

गटाच्या बैठकीला मी मेणाची गोष्ट स्वतः सांगितली. उभी राहून, तीन-चार वाक्यांत, घाम फुटला. मला वाटलं रागावतील. आमची अध्यक्ष ताराबाय म्हणाली, "आता कळलं, हिचा नवरा कमी का बोलतो. हिने त्याचं तोंड पण लिंपलंय." बाया इतक्या हसल्या की बैठक मोडली.

मोगरा सुरू झाला. अंधारात कळ्यांच्या टोपल्या आल्या, दिवस फुटता फुटता जव्हार. रोज टोपल्या मोजून झाल्या की मी झाकणाच्या भोकात पिन घालून बघते, धूळ बसली आहे का. जीप एकदाही अडली नाही. चपटा दगड अजून पुढच्या सीटखाली आहे, पण तो आता टोपली कलंडू नये म्हणून लावते.

दर महिन्याच्या बैठकीला भाड्यातले पैसे पेटीत टाकत गेले. शेवटच्या हप्त्याच्या नोटांना मोगऱ्याचा वास येत होता. ताराबायने त्या दोनदा मोजल्या, वहीत रेघ ओढली आणि पेटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "बंद कर तू. पण मेण लावू नकोस."

मी नुसती कडी लावली. पंचेचाळीस हजार पूर्ण फिटले.